वऱ्हाडची वाट आणि जुन्या धाटणीची फटफटी

मोटारसायकलीस आपल्या लोकांनीं फार पूर्वींच एक नांव देऊन टाकलें : फटफटी. हें नांव कोणा कोशकारानें घडविलेलें नाहीं. तें ऐकणाऱ्यांच्या कानांनीं घडविलें. आज अमरावती-अकोल्याच्या सडकेवर पाठीमागें वळकटी बांधून दूरच्या प्रवासास निघालेले तरुण दिसतात, तेव्हां त्यांतील पुष्कळांची गाडी गोल दिव्याची, तारांच्या चाकांची आणि फुगीर टाकीची, म्हणजे आजोबांच्या काळच्या रूपाची असते. अधिक वेगवान आणि अधिक हलकीं वाहनें बाजारांत असतां हा जुन्याचा मोह कां पडावा, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

वऱ्हाडास लांबचा प्रवास नवा नाहीं. आगगाडी येण्यापूर्वीं येथील कापूस बैलांच्या पाठीवरून गंगाकांठच्या मिर्झापुरापर्यंत जात असे. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडी कापसाचे भाव एकाएकीं चढले. १८६७ सालीं मुंबईकडील लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या वाटेनें नागपुरास पोंचला. कापसाच्या गाड्या स्टेशनापर्यंत पोंचाव्या म्हणून काळ्या मातीच्या या मुलखांत पक्क्या सडका हव्या होत्या. पावसाळ्यांत या मातींत रुतलेलें चाक काढणें म्हणजे काय असतें, हें ज्यानें तें काढलें आहे त्यासच ठाऊक. या सडकांवर प्रथम बैलगाडी, मग मोटार, आणि मग फटफटी आली.

फटफटीचा इतिहासहि मौजेचा आहे. इंग्लंडांतील रेडिच येथील रॉयल एन्फिल्ड कंपनीनें १९०१ सालीं आपली पहिली मोटारसायकल काढली, आणि ‘बुलेट’ हें नांव १९३२ सालीं प्रचारांत आणलें. स्वातंत्र्यानंतर सरहद्दीवरील गस्तीसाठीं आपल्या सैन्यानें हीच गाडी पसंत केली. १९५५ सालीं मद्रासेस ‘एन्फिल्ड इंडिया’ स्थापन झाली. पुढें १९७० च्या सुमारास विलायतेंतील मूळ कंपनी संपली, पण मद्रासेंतील कारखाना थांबला नाहीं. म्हैसूर येथें १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या धर्तीची ‘जावा’ तयार होऊं लागली. तीच पुढें ‘येझदी’ झाली आणि १९९६ सालीं बंद पडली. यांत एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. युरोपांत जुन्या धाटणीच्या गाडीचें पुनरुज्जीवन करावें लागलें. आपल्याकडे बुलेट मुळीं मेलीच नव्हती. विलायतेस जी संग्रहाची वस्तु झाली, ती येथें रोजच्या वापरांत राहिली.

आतां तिच्या यंत्राकडे पाहूं. जुन्या ३४६ घनसेंटिमीटरच्या बुलेटमध्यें सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, तर दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर असे. धांव अशी लांब असली म्हणजे यंत्र फार वेगानें फिरत नाहीं, परंतु सावकाश फिरत असतांहि त्याची ओढ चांगली असते. म्हणून गिअर वारंवार बदलावे लागत नाहींत. ओझें घेऊन साठ किलोमीटरच्या बेतानें दिवसभर जातां येतें. अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारें ३४० मीटर उंचीवर आहे आणि चिखलदरा सुमारें १,१०० मीटरवर. परतवाड्याहून त्या घाटास लागलें म्हणजे या सावकाश ओढीचें मोल कळतें. बसणें ताठ असल्यामुळें प्रवाशाची नजर रस्त्याबरोबर रानावरहि जाते, हाहि एक लाभच.

पण खरें कारण मला निराळेंच वाटतें. कांहीं वर्षांपूर्वीं मे महिन्याच्या दुपारीं मी एका जुन्या गाडीवरून अकोल्याहून अमरावतीस येत असतां बोरगांव मंजूच्या पुढें ती अडूं लागली. कशीबशी मूर्तिजापूरपर्यंत आणली. तेथें कडुनिंबाच्या सावलींत बसलेल्या मिस्त्र्यानें पाना हातांत घेण्यापूर्वींच म्हटलें, “आवाजावरूनच समजलं मले, भाऊ.” त्यानें कार्बोरेटर उघडला, जेट फुंकून साफ केलें, प्लग घांसला, आणि मध्यंतरीं चहा मागवून घरचीं मंडळी कोठली याचीहि चौकशी केली. पाऊण तासांत मी मार्गस्थ झालों. गाडी बंद पडली नसती तर मूर्तिजापूर मला केवळ पाटीवरचें नांव राहिलें असतें.

२००९ मध्यें ‘क्लासिक’ निघाली, २०१८ मध्यें ‘जावा’ परत आली, २०२२ मध्यें ‘येझदी’हि. परंतु १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे कडक निर्बंध लागूं झाले, आणि कार्बोरेटरच्या जागीं संगणकाच्या आज्ञेनें इंधन फवारणारी रचना आली. २०२१ च्या क्लासिकला पायानें मारावयाची किकहि राहिली नाहीं. याबद्दल गळा काढण्याचें कारण नाहीं. धूर कमी झाला, आणि ऐन वेळीं चाक जाम होऊं न देणारे ब्रेक आले; त्यांनीं जीव वांचतात. पण रूप जुनें असूनहि ही गाडी कडुनिंबाखालच्या मिस्त्र्यास पूर्वींसारखी उघडतां येत नाहीं. त्याच्या कानांतली विद्या शिकावयास आतां कोणी मुलगा बसेल काय, हा प्रश्न मला टाकीच्या रंगाहून महत्त्वाचा वाटतो.

रस्तेहि बदलले. २०२२ च्या जूनमध्यें याच सडकेवर लोणी ते माना या भागांत ७५ किलोमीटर लांबीचा एकेरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला, आणि त्याची नोंद गिनीजच्या विक्रमांत झाली. अमरावती जिल्ह्यांतून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धि महामार्ग २०२५ सालीं पुरा झाला. त्यावर दुचाकीस प्रवेश नाहीं. त्यामुळें फटफटीवाल्यास जुन्या गांवांवरूनच जावें लागतें. मला यांत त्याचें नुकसान दिसत नाहीं.

जुन्या धाटणीची गाडी घेऊन निघणाऱ्या तरुणांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, निघण्यापूर्वीं आपल्या गांवच्या एकाद्या वृद्ध मिस्त्र्याजवळ चार दिवस बसा. चाकाची तार कशी ताणावी, साखळी किती सैल ठेवावी, आवाज बदलला म्हणजे काय समजावें, हें त्याजकडून शिकून घ्या. तें रूप तुम्ही पैसे देऊन घेतलेंच आहे. ही विद्या मात्र दुकानांत मिळत नाहीं.