रायसिनाचा चढ आणि नेहरू प्लेसची सीडी

विजय चौकातून राष्ट्रपती भवनाकडे पाहिलं, तर चढाच्या माथ्यावर घुमटाचा वरचा भाग तेवढा डोकावतो. बाकी वास्तू गायब. वास्तुकार एडविन ल्युटियन्सला हे अजिबात नको होतं. मूळ आराखड्यात रायसिना टेकडीचा माथा एकट्या व्हाइसरॉयच्या वाड्यासाठी, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनासाठी, होता. सचिवालयंही वरच हवीत, असा आग्रह त्याचा सहकारी वास्तुकार हर्बर्ट बेकरने धरला, ल्युटियन्सने तो मानला आणि वाडा मागे सरकला. चढाच्या प्रमाणावर १९१३ मध्ये ल्युटियन्सने स्वतःच सही केली होती. त्या चढापायी वाडाच झाकला जाणार, यावरून वाद पेटला तो १९१६ मध्ये. त्याने वरपर्यंत दाद मागितली, बेकरशी संबंध बिघडवून घेतले. चढ मात्र तसाच राहिला. कागदावरच्या चित्रात पाहणाऱ्याचा डोळा हवा तितका उंच ठेवता येतो, रस्त्यावरच्या माणसाला ती सोय नसते.

ल्युटियन्सची चूक सापडली ती उशिरा. म्हणून दिल्लीतल्या संगणकीय ड्रॉइंगचा इतिहास तपासायचा, तर चूक कधी सापडते हे आधी पाहावं. रेघ किती सुबक आली, हा प्रश्न दुय्यम.

शिवाय संगणक बांधकामाच्या जगात शिरला तो रेघा काढायला नव्हे, आकडेमोडीला. कालकाजीचं लोटस टेंपल घ्या. वास्तुकार फरीबुर्ज साहबा, संरचनेचे सल्लागार लंडनचे फ्लिंट अँड नील, बांधकाम लार्सन अँड टुब्रोच्या ईसीसी विभागाचं. सत्तावीस पाकळ्या, आणि त्यांचे पृष्ठभाग म्हणजे गोल, नळकांडी, शंकू, कडं अशा आकारांचे तुकडे. नुसत्या तपशीलवार ड्रॉइंगना अडीच वर्षांहून अधिक काळ लागला. सरळ रेघच नसलेल्या इमारतीत शटरिंगच्या सुताराला माप द्यायचं कुठून? म्हणून पाकळीवरच्या बिंदूंचे एक्स, वाय, झेड निर्देशांक संगणकावर काढले गेले आणि थिओडोलाइट लावून ते जागेवर उतरवले गेले. डिसेंबर १९८६ मध्ये मंदिराचं लोकार्पण झालं. ल्युटियन्सच्या वेळी चित्र आधी होतं आणि माप मागाहून. इथे आकडे चित्राच्या पुढे गेले.

दिल्लीच्या रोजच्या ऑफिसात मात्र तेव्हाही ड्रॉइंग बोर्ड, ड्राफ्टर आणि रॉट्रिंग पेनचंच राज्य होतं. ट्रेसिंग पेपरवरची शाईची चुकलेली रेघ ब्लेडने खरवडायची, मग अमोनिया प्रिंट काढायची. त्या वासाने डोळे चुरचुरायचे. खांब सहा इंच सरकला, तर प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन अशी सगळी पानं वेगवेगळी दुरुस्त करायची. एखादं पान हमखास राहून जायचं, आणि ते कळायचं गवंड्याला.

अमेरिकेत ऑटोकॅड हे कॅडचं, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढण्याचं, सॉफ्टवेअर डिसेंबर १९८२ मध्ये बाजारात आलं. त्याची खरी करामत अशी, की ते साध्या पर्सनल कॉम्प्युटरवर चालत होतं. तोवर असली कामं महागड्या यंत्रांवर होत. भारतात नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सोपी केली. तरी मूळ सॉफ्टवेअरची किंमत छोट्या वास्तुकाराला झेपणारी नव्हती. वाट निघाली नेहरू प्लेसच्या संगणक बाजारातून. फुटपाथवर नकली सीडी उघडपणे विकल्या जात, आणि अमेरिकी व्यापार प्रतिनिधी कार्यालयाच्या कुप्रसिद्ध बाजारांच्या यादीत या बाजाराचं नाव गेलं. चोरी ती चोरीच. पण राजधानीतल्या कितीतरी पोरांचा हात कॅडवर बसला तो याच सीडींच्या जोरावर, हेही नाकारण्यात अर्थ नाही. पुढे परदेशी वास्तुकारांची ड्रॉइंग दिल्ली, नोएडा, गुरुग्राममध्ये तयार होऊ लागली, त्याला असेच तयार हात लागले.

पडद्यावर आलं म्हणून शिस्त बदलली नाही. रेघेची जाडी, प्रोजेक्शनची पद्धत, मापं लिहिण्याची रीत हे सारं भारतीय मानक ब्युरोच्या १९८८ च्या 'एसपी ४६' मध्ये बांधलेलं होतं. सुरुवातीचं कॅड म्हणजे तोच बोर्ड, फक्त खाडाखोड न दिसणारा. पानं अजून सुटीच होती, म्हणून चूकही तशीच लपत होती.

खरा बदल झाला तो बीआयएम, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, आल्यावर. यात नुसत्या रेघा नसतात. खांब हा खांब म्हणून आणि पाइप हा पाइप म्हणून एकाच त्रिमितीय मॉडेलमध्ये बसतो. दिल्ली–मेरठ नमो भारत या जलद रेल्वेमार्गासाठी राष्ट्रीय राजधानी क्षेत्र परिवहन महामंडळाने (एनसीआरटीसी) हीच पद्धत वापरली. आनंद विहारचं स्टेशन भुयारी, आणि आसपास मेट्रोच्या दोन मार्गिका, रेल्वे स्थानक नि आंतरराज्य बसस्थानक. अशा गर्दीत डक्ट तुळईला भिडतोय हे खोदकामाआधी पडद्यावरच दिसणं, ही चैन नव्हे, गरज आहे. ८२ किलोमीटरच्या या मार्गाचा साहिबाबाद ते दुहाई डेपो हा १७ किलोमीटरचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला.

बोर्ड मात्र पुरता हद्दपार झालेला नाही. आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिलचा अभ्यासक्रम आजही दोन वर्षांचा आहे. त्यात मुलं आधी कागदावर अक्षरं आणि रेघा गिरवतात, कॅड त्यानंतर.