यजमानाचं पान, एक वर्षाआड

आजचा एपिसोड क्रिकेटचा नाही, आणि एनबीएचाही नाही. आज बोलायचंय अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांच्या बास्केटबॉलबद्दल, त्यातही सुट्ट्यांच्या दिवसांत होणाऱ्या टूर्नामेंट्सबद्दल.

आता पुण्यात बसणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्याला हा नाद कुठून लागला? उत्तर साधं आहे. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे थँक्सगिव्हिंग. त्या आठवड्यात क्लायंटकडची मंडळी घरी जातात, आमच्याकडे कोड फ्रीझ असतो, नवीन काही टाकायचं नाही, फक्त जागं राहून सर्व्हरवर लक्ष ठेवायचं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात हवाई बेटांवर माउई इन्व्हिटेशनल नावाची टूर्नामेंट असते. हवाई आपल्या साडेपंधरा तास मागे. तिथे सकाळी साडेनऊला मॅच सुरू झाली की आपल्याकडे रात्रीचा एक वाजलेला असतो. बास्केटबॉल सकाळी साडेनऊला का खेळतात? कारण तेव्हा न्यूयॉर्कमध्ये दुपार असते आणि टीव्हीला मॅच हवी असते. टीव्हीचं हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिथे आठ टीम्स खेळतात. कॅन्सस, नॉर्थ कॅरोलिना, ड्यूक असली मोठाली नावं. आणि काही वर्षी त्यांच्या यादीत शेवटी एक नाव दिसतं: शॅमिनाड. यजमान. होनोलुलूमधलं एक छोटं कॅथलिक कॉलेज, १९५५ साली सुरू झालेलं, एका फ्रेंच पाद्र्याचं नाव असलेलं. या एवढ्याशा कॉलेजमुळे ही टूर्नामेंट जन्माला आली. ते कसं, ते आधी सांगतो.

१९८२ चा डिसेंबर. व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीची टीम देशात पहिल्या नंबरवर, सिझनमध्ये एकही मॅच हरलेली नाही. त्यांचा सेंटर राल्फ सॅम्पसन, उंची सात फूट चार इंच. पुढच्याच वर्षी एनबीएच्या ड्राफ्टमध्ये सगळ्यात आधी निवडला गेलेला माणूस. ही मंडळी जपानला मॅचेस खेळायला गेली होती. परतताना होनोलुलूत मुक्काम, थोडा समुद्र, थोडा आराम, आणि पाय मोकळे करायला शॅमिनाडबरोबर एक मॅच.

शॅमिनाड तेव्हा एनसीएएमध्ये नव्हतंसुद्धा. ते एनएआयए नावाच्या दुसऱ्याच संघटनेत होतं. छोट्या कॉलेजांची संघटना. बास्केटबॉल शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ हयात असताना, १९३७ मध्ये, कॅन्सस सिटीत तिची पहिली टूर्नामेंट झाली. या संघटनेला कमी लेखू नका. मोठ्यांनी दारं लावून घेतली होती तेव्हा कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांना राष्ट्रीय स्पर्धेत जागा देणारे हेच. कोच जॉन मॅक्लेंडन यांची टेनेसी ए अँड आय टीम १९५४ च्या डिसेंबरमध्ये त्यांच्या टिप-ऑफ टूर्नामेंटला कॅन्सस सिटीत गेली, तेव्हा मॅक्लेंडन यांची अट होती: बाकीच्या टीम्स ज्या हॉटेलांत उतरणार, तिथेच माझी पोरं उतरणार. पुढे याच टीमने १९५७, ५८ आणि ५९ असं लागोपाठ तीनदा एनएआयएचं विजेतेपद घेतलं. म्हणजे पंगतीत कोणाला बसवायचं हा प्रश्न या सुट्टीतल्या टूर्नामेंट्समध्ये पहिल्यापासून आहे.

असो, होनोलुलूला परत. शॅमिनाडमध्ये तेव्हा विद्यार्थी किती, तर हजारसुद्धा नाहीत. कोच मर्व्ह लोप्स यांची मूळ नोकरी शाळेत मुलांना समुपदेशन करण्याची. कोचिंग हे जोडकाम. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर समजा भारताची टीम परदेश दौऱ्याहून येताना कोकणात एक दिवस थांबली आणि तिथल्या एका तालुक्याच्या कॉलेजशी सहज म्हणून मॅच खेळली.

२३ डिसेंबर १९८२, नील ब्लेझडेल सेंटर, प्रेक्षक साडेतीन हजारांच्या आत. शॅमिनाड ७७, व्हर्जिनिया ७२.

हा स्कोअर मी कितीदा तरी वाचला आहे आणि दर वेळी माझी नजर ७७ वरच अडकते. कारण सांगतो. आजकाल छोटी टीम मोठ्या टीमला हरवते तेव्हा हत्यार बहुतेक वेळा एकच असतं, लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट. एखाद्या रात्री ते पडत गेले की कोणीही कोणालाही हरवू शकतो. पण कॉलेज बास्केटबॉलमध्ये तीन गुणांची रेष देशभर आली १९८६-८७ च्या सिझनमध्ये. तेव्हा दुबळ्या टीमकडे दुसरी युक्ती होती ती म्हणजे बॉल धरून बसायचं. शॉट क्लॉकही देशभर लागू नव्हता, त्यामुळे मिनिटं खात राहायचं आणि मॅच तीस-चाळीस गुणांत संपवायची. शॅमिनाडने हेही केलं नाही. ७७ गुण काढायला पळावं लागतं. पहिल्या नंबरच्या टीमबरोबर ते उघड्यावर खेळले आणि जिंकले. सहा फूट सात इंचाचा टोनी रँडॉल्फ सात फूट चार इंचाच्या सॅम्पसनला भिडला होता. रँडॉल्फ मूळचा व्हर्जिनिया राज्यातलाच, शाळेत असल्यापासून सॅम्पसनशी खेळलेला, त्यामुळे त्याला त्या उंचीचं अप्रूप नव्हतं. सॅम्पसनने १७ रीबाउंड घेतले, पण गुण फक्त १२. रँडॉल्फचे १९.

मॅच टीव्हीवर नव्हती. आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ हवाईच्या पाच तास पुढे, त्यामुळे मॅच संपली तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, सकाळचे पेपर छापून निघाले होते. कॉलेज बास्केटबॉलमधला सगळ्यात मोठा उलटफेर झाला आणि देश झोपलेला होता. आज तो बघायचा म्हटलं तर पूर्ण प्रक्षेपण नाही. इतिहासाची आवड असलेल्या माणसाला याचा त्रास होतो आणि फॅनला मजा येते. मी दोन्ही आहे.

(जाता जाता: २०१८ मध्ये एनसीएएच्या मुख्य स्पर्धेत पुरुषांमध्ये पहिल्यांदाच शेवटच्या, म्हणजे सोळाव्या मानांकनाच्या टीमने पहिल्या मानांकनाच्या टीमला हरवलं. हरलेली टीम कोण? व्हर्जिनिया. काही घराण्यांच्या नशिबात असतं. पण २०१९ मध्ये तेच विजेते झाले, म्हणजे फार कीव करायलाही नको.)

मॅचनंतर व्हर्जिनियाचे कोच टेरी हॉलंड यांनी शॅमिनाडच्या क्रीडाप्रमुखांना सुचवलं की तुम्ही स्वतःची टूर्नामेंट का घेत नाही? १९८४ मध्ये ती झाली, माउई बेटावरच्या लाहायना गावात. तिथलं सिव्हिक सेंटर म्हणजे साधारण २,४०० खुर्च्यांचं सभागृह. आपल्याकडच्या मोठ्या मंगल कार्यालयापेक्षा फार वेगळं वाटत नाही. पहिल्याच वर्षी शॅमिनाड डेव्हिडसनला हरवून फायनलला पोचलं आणि प्रॉव्हिडन्सकडून अवघ्या दोन गुणांनी हरलं.

आता खरी मेख. मोठ्या टीम्स इतक्या लांब का येतात? समुद्रासाठी, हो. पण त्याहून मोठं कारण नियमात आहे. एनसीएए प्रत्येक टीमला सिझनमध्ये किती मॅचेस खेळायच्या त्याची मर्यादा घालते. हवाई आणि अलास्का इतके दूर की तिथे कोण जाणार, म्हणून तिथल्या मॅचेस त्या मर्यादेत न मोजण्याची सवलत होती. म्हणजे मोठ्या टीमला तीन मॅचेस फुकटात. आमच्या भाषेत सांगायचं तर एका एज केससाठी टाकलेली अट होती, आणि दोन छोट्या कॉलेजांनी त्यावर अख्खं प्रॉडक्ट उभं केलं.

दोन, कारण अलास्काने ते आधी केलं होतं. अँकरेजमधल्या अलास्का युनिव्हर्सिटीचे कोच बॉब रॅचल यांच्या डोक्यातून १९७८ मध्ये सी वुल्फ क्लासिक निघाली, तीच पुढे ग्रेट अलास्का शूटआउट म्हणून प्रसिद्ध झाली. बाहेर बर्फ, आत देशातल्या नामवंत टीम्स. यजमान कॉलेज दुसऱ्या डिव्हिजनचं, पण दरवर्षी मोठ्यांशी खेळून त्यांच्या पोरांची भीड चेपली होती. १९८८ च्या डिसेंबरमध्ये सॉल्ट लेक सिटीत त्यांनी मिशिगनला ७०-६६ असं हरवलं. तेच मिशिगन काही महिन्यांनी राष्ट्रीय विजेतं झालं!

मग काय झालं? जी सवलत हवाई आणि अलास्काचा मक्ता होती ती हळूहळू सगळ्यांना मिळाली. असली टूर्नामेंट कुठेही घ्या, बहामात घ्या, फ्लोरिडात घ्या. ईएसपीएनसारख्या वाहिन्यांनी स्वतःच्याच टूर्नामेंट्स काढल्या. कोणती टीम कधी आणि कुठे खेळणार हे टीव्हीवाले ठरवायला लागले. अँकरेजला चांगल्या टीम्स येईनाशा झाल्या, प्रेक्षक घटले, आणि २०१७ मध्ये शूटआउट बंद पडली. ज्या कॉलेजने वाट काढली त्याच्याच वाटेवरून बाकीचे पुढे निघून गेले.

माउई टिकली. पण टिकण्याची किंमत कोणी दिली ते बघा. २०१७ पर्यंत शॅमिनाड दरवर्षी खेळायचं. २०१८ पासून ठरलं की यजमान फक्त विषम सालांत मुख्य स्पर्धेत असणार. सम सालात आठही टीम्स डिव्हिजन एकच्या. कारण उघड आहे. मोठ्या कोचला वाटतं की शॅमिनाडला हरवून रँकिंगमध्ये काही मिळत नाही, आणि हरलो तर तोंड दाखवायला जागा नाही. टीव्हीलाही दोन बड्यांची मॅच हवी. पंगत ज्याच्या अंगणात, त्यालाच एक वर्षाआड पान.

या निर्णयाच्या बाजूने बोलणारे फॅन्स मला भेटतात, आणि त्यांचा मुद्दा खोटा नाही. २०२३ ची मॅच बघा, सिरॅक्यूज १०५, शॅमिनाड ५६. एकोणपन्नास गुणांची हार बघण्यात काय मजा? रात्री दोनला मीही अशा मॅचमध्ये दुसऱ्या हाफला लॅपटॉपकडे वळतो. यजमान बहुतेक वेळा हरतो, आणि भरपूर हरतो.

पण यजमानाचे विजय मोजा. १९८४ डेव्हिडसन, १९९१ प्रॉव्हिडन्स, १९९२ स्टॅनफर्ड, २००३ व्हिलानोव्हा, २००७ प्रिन्स्टन, २०१० ओक्लाहोमा, २०१२ टेक्सस, २०१७ कॅलिफोर्निया. तेहतीस-चौतीस वर्षांत आठ. व्हिलानोव्हाची मॅच ५२-४९, घासून झालेली. टेक्ससला ८६-७३ हरवलं. आणि कॅलिफोर्नियाला ९६-७२! चोवीस गुणांनी! हा निकाल लागला २०१७ मध्ये, म्हणजे 'दरवर्षी खेळायचं' या व्यवस्थेच्या शेवटच्या वर्षात. निरोप असा द्यावा.

माझ्या मते या टूर्नामेंटमध्ये दुसरीकडे न मिळणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ही आठ नावं. कॅन्सस विरुद्ध यूसीएलए मला मार्चमध्येही बघायला मिळेल. दुसऱ्या डिव्हिजनची टीम, अनोळखी मुलं, समोर टेक्सस, आणि हाफ टाइमला स्कोअर बरोबरीत आहे हे बघून डोळे चोळणं, हे फक्त इथे. त्यासाठी उरलेल्या वर्षी चाळीस-चाळीस गुणांनी हरावं लागतं, आणि ते ही मुलं हरतात. तो हिशेब मला पटतो. टीव्हीच्या हिशेबात तो बसत नाही.

मग ८ ऑगस्ट २०२३ ला लाहायना जळालं. वणव्यात सुमारे शंभर माणसं गेली, जुनं गाव राखेत गेलं. सिव्हिक सेंटर गावाच्या उत्तरेला, ते वाचलं आणि तिथे मदतकेंद्र उघडलं. त्या वर्षी टूर्नामेंट होनोलुलूला हलवली, म्हणजे शॅमिनाडच्या स्वतःच्या शहरात. विषम साल होतं, म्हणून ते खेळले. ५६ गुणांची ती मॅच याच टूर्नामेंटमधली.

२०२४ च्या थँक्सगिव्हिंगला टूर्नामेंट लाहायनाला परतली. गाव अजून उभं राहत होतं, घरं गेलेली माणसं खुर्च्यांत बसून मॅच बघत होती. आदल्याच मोसमाचे राष्ट्रीय विजेते यूकॉन आले आणि तिन्ही मॅचेस हरले, ऑबर्नने करंडक नेला. चाळीस वर्षांपूर्वी याच सभागृहात पहिली फायनल खेळलेलं कॉलेज यजमान म्हणून कागदावर होतं. पण साल सम होतं, त्यामुळे कोर्टावर शॅमिनाड नव्हतं.

२०२५ ला ते परत लाहायनात खेळले. आता २०२७.