अद्भुताच्या वाटेने इतिहासाकडे : नाथमाधव

इतिहासाच्या प्राध्यापकाने एका कादंबरीकारावर बोलावे, आणि तेही अद्भुतरम्य कादंबऱ्या लिहिणाऱ्यावर, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आमच्या धंद्यातली मंडळी कादंबरीचे नाव काढले की जरा नाक मुरडतातच. पण माझा प्रश्न इतिहासाचाच आहे. महाराष्ट्रातल्या साध्या, चार बुके शिकलेल्या माणसाला शिवकाल कोठून कळला? सभासदाची बखर वाचून? राजवाड्यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड चाळून? छे! शंभरांत एकानेही ते खंड हातात धरले नसतील. त्याला शिवकाल कळला कीर्तनातून, पोवाड्यातून, आणि मागच्या शतकात फार मोठ्या प्रमाणावर नाथमाधवांच्या ‘स्वराज्य’ मालेतील कादंबऱ्यांतून. आणि हे नाथमाधव मुळात ‘वीरधवल’चे लेखक.

तेव्हा आधी ही अद्भुताची परंपरा काय होती ते पाहू. मराठीत कादंबरी हा प्रकार नवा होता तेव्हाच अद्भुताने तिचा हात धरला. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या होत्या. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ निघाली. राजपुत्र, राजकन्या, कपटी प्रधान, भुयारे, अरण्ये, ताटातूट, आणि शेवटी सगळ्यांची भेट! १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक’ ह्यांविषयी एक निबंध लिहून ह्या साऱ्या प्रकाराची चांगलीच हजेरी घेतली. एक कादंबरी वाचली की पुढच्या दहांत काय असणार ते कळते, अशी त्यांच्या टीकेची एकंदर दिशा. टीका रास्तच होती.

पण रिसबुडांनी ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत जे कारण दिले आहे तेही ऐकण्याजोगे आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, आपल्या लोकांच्या रोजच्या आयुष्यात गोष्ट होण्यासारखे काही घडतच नाही. लग्ने लहानपणीच आईबाप लावून देतात, साहसाला जागा नाही, पराक्रमाला वाव नाही. मग जसेच्या तसे चित्र काढले तर ते वाचणार कोण? मला हे वाक्य वाङ्मयाच्या इतिहासापेक्षा समाजाच्या इतिहासात अधिक मोलाचे वाटते. पेशवाई जाऊन पन्नास वर्षे झालेली, सत्तावन्नचा वणवा विझलेला, आणि पुढे १८७८ च्या कायद्याने हत्यार बाळगायलाही सरकारी परवाना लागू लागला. ज्यांच्या आजोबांनी घोडे फेकले त्यांचे नातू कचेरीत टाक घासत बसले होते. त्यांना तलवारीची गोष्ट हवी होती, आणि ती कोणत्या राज्याची, कोणत्या सालची, हे त्यांनी विचारले नाही. पुढे रेनॉल्ड्ससारख्या इंग्रज कादंबरीकाराच्या गोष्टींनाही मराठी वेष चढवण्यात आला. दातारशास्त्र्यांच्या कादंबऱ्या त्याच वळणाच्या. उत्तरेत देवकीनंदन खत्रींच्या ‘चंद्रकांता’साठी लोक मुद्दाम हिंदी अक्षरे शिकले असे सांगतात. भूक सगळीकडे सारखीच होती.

ह्या परंपरेत नाथमाधव आले ते मात्र अगदी वेगळ्या वाटेने.

त्यांचे पूर्ण नाव द्वारकानाथ माधव पितळे. स्वतःच्या नावातला ‘नाथ’ घेतला, त्याला वडिलांचे ‘माधव’ जोडले, झाले टोपणनाव. जन्म मुंबईचा, ३ एप्रिल १८८२ चा. शिक्षण आटोपल्यावर त्यांनी कुलाब्याला तोफांच्या कारखान्यात नोकरी धरली. शिकारीचा नाद होता. अंगात रग असलेला, हिंडता फिरता तरुण. १९०५ साली ते शिकारीसाठी सिंहगडावर गेले आणि कड्यावरून खाली कोसळले. जीव वाचला, पण कमरेपासून खालचे सारे शरीर लुळे पडले. वय वर्षे तेवीस.

सिंहगडच का, असा प्रश्न उगाच मनात येतो. दोनच वर्षांपूर्वी, १९०३ साली, हरिभाऊ आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. तिच्यातला गड तो हाच. हा निव्वळ योगायोग आहे, त्याला मी अर्थ चिकटवीत नाही. पण एवढे खरे की आमच्या ह्या लेखकाची आणि सह्याद्रीच्या कड्याची ओळख पुस्तकातली नव्हती.

इस्पितळात पडल्या पडल्या त्यांनी वाचायला सुरुवात केली. मराठी वाचले, इंग्रजी वाचले, जे हाती येईल ते वाचले. त्या वाचनातून लेखन सुटले. १९०८ साली ‘प्रेमवेडा’ ही कादंबरी आली, मग ‘सावळ्या तांडेल’, आणि १९१३ साली ‘वीरधवल’. ह्या कादंबरीने त्यांचे नाव घरोघर नेले. रिसबुडांनी म्हटले होते की आपल्या आयुष्यात काही घडत नाही. नाथमाधवांच्या बाबतीत ते किती अक्षरशः खरे झाले पाहा. ज्याला स्वतःच्या खोलीतून अंगणापर्यंत जायला दुसऱ्याचा आधार लागावा, त्याने पानोपानी धावणारी, तट चढणारी, रात्रीत कोसच्या कोस तोडणारी माणसे लिहिली. तरीही त्यांच्या लिखाणात रडका सूर नाही, दुखण्याचे भांडवल नाही. माझ्या मते त्यांच्या यशाचे एक कारण हेच असावे. वाचकाला आणि त्यांना एकच गोष्ट हवी होती. बसल्या जागेवरून उठायचे होते.

नुसते अद्भुतच त्यांनी लिहिले असे मात्र नव्हे. ‘डॉक्टर’ ह्या तीन भागांच्या कादंबरीत त्यांनी स्त्रीशिक्षणाचा विषय घेतला आहे. स्त्रियांच्या प्रश्नांविषयी त्यांची दृष्टी त्या काळच्या मानाने पुष्कळच मोकळी होती. पण तो वेगळा विषय आहे. त्यासाठी दुसरे भाषण हवे.

आता मी माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. १९१९ साली हरिभाऊ आपटे गेले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य गेले. आणि १९२१ साली नाथमाधवांचा ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’ निघाला. मागोमाग ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्याचा कारभार’, ‘स्वराज्यावरील संकट’ अशी माला सुरू झाली, ती ‘स्वराज्यातील दुफळी’पर्यंत गेली. सालाकडे लक्ष द्या. देशभर असहकाराची चळवळ पेटलेली आहे, ‘स्वराज्य’ हा शब्द उच्चारला की पोलीस कान टवकारतो आहे, आणि इकडे पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरांत तोच शब्द छापून येतो आहे. कोणी हटकलेच तर सांगायला मोकळे, की ही तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे! आपल्या सोलापुराने तर मे १९३० मध्ये ह्या शब्दाची किंमत मोजली. मार्शल लॉ सोसला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा हे चौघे येरवड्याला फासावर गेले. कादंबऱ्या वाचून हे घडले असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे हा त्या चौघांवर अन्याय होईल. पण हवेत जो शब्द भरून राहिला होता तो घराघरांत नेण्यात ह्या पुस्तकांचा वाटा होता, एवढे म्हणायला हरकत नाही.

ह्या माला लिहिताना नाथमाधवांनी हत्यारे कोणती वापरली? तीच, ‘वीरधवल’ची! वेषांतर, गुप्त खलिते, भुयारे, संकटात सापडलेली तरुणी, ऐन वेळी धावून येणारा इमानी सेवक. फरक एवढाच की पूर्वी ही माणसे कल्पनेच्या राज्यात वावरत, आता ती मावळात येऊन राहिली. कल्पित पात्रे शिवाजीमहाराजांच्या शेजारी उभी राहून बोलू लागली.

आणि इथे एक मोठी अडचण आहे, जी मला वर्गात नेहमी भेटते. महाराजांचे खरे चरित्रच मुळी अद्भुत आहे. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट, ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लालमहालात शिरून शाइस्ताखानावर छापा, १७ ऑगस्ट १६६६ ला आग्र्याहून पलायन. ह्यांतले काही एखाद्या कादंबरीकाराने मनाने रचले असते तर काशिनाथपंत मराठ्यांनी त्याची थट्टाच केली असती. अशा चरित्रात कादंबरीकाराने आणखी दोन भुयारे घातली तर वाचकाला कळावे कसे, की खरे कोठे संपले आणि रचलेले कोठे सुरू झाले? आमच्या उत्तरपत्रिकांत दर वर्षी एखादा तरी प्रसंग असा उतरतो की ज्याला कादंबरीपलीकडे आधार नाही. आणि मुलगा तो प्रसंग इतक्या विश्वासाने लिहितो की गुण कापताना हात अडखळतो.

मग ह्याचा दोष नाथमाधवांचा का? मला तसे वाटत नाही. ते लिहीत होते तेव्हा साधने नुकती कोठे छापली जात होती. राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ चा, भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० ची, जदुनाथ सरकारांचे इंग्रजी शिवचरित्र १९१९ चे. आग्र्याच्या प्रकरणावर प्रकाश टाकणारी त्या वेळची राजस्थानी पत्रे तर पुस्तकरूपाने १९६३ साली हाती आली. नाथमाधवांना जाऊन तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती. शिवाय संशोधक मंडळी जे लिहीत ते एकमेकांसाठी. तळटीप मोठी आणि मजकूर लहान! सामान्य वाचक दारात ताटकळत उभा होता, त्याला आत कोणी घेतले नाही. नाथमाधवांनी घेतले. इंग्लंडातही स्कॉटच्या कादंबऱ्यांनी स्कॉटलंडचा इतिहास लोकांच्या डोळ्यांपुढे उभा केला आणि मग इतिहासकार पन्नास वर्षे त्याच्या चुका काढीत बसले. पण वाचक आणला होता तो स्कॉटनेच.

आणि वाचक कोण होता हे सोलापुरात राहणाऱ्याला निराळे सांगायला नको. गिरण्यांच्या ह्या गावात घरी तेलुगू, कानडी, उर्दू बोलणारी आणि बाजारात मराठी बोलणारी माणसे पिढ्यान्पिढ्या राहतात. पूर्व भागातले एक वृद्ध विणकर गृहस्थ मला सांगत होते, “सर, आमच्या घरात मराठी कोण बोलतंय? मी मराठी वाचायला शिकलो ते ‘वीरधवल’मुळं. शाळेत पुस्तक हातात धरवत नव्हतं, आणि हे पुस्तक रात्री कंदील विझवला तरी सोडवत नव्हतं.” पाळी संपवून आलेल्या चार जणांत एक वाचणारा आणि तिघे ऐकणारे, अशीही बैठक बसे म्हणे. अर्थात एका माणसाच्या सांगण्यावरून सिद्धांत उभा करू नये, हे मी विद्यार्थ्यांना शिकवतोच. पण जुन्या वाचनालयात गेलात तर त्या पुस्तकांच्या प्रती पाहा. राजवाड्यांच्या खंडांची पाने कोरी करकरीत असतात, आणि नाथमाधवांच्या पुस्तकांना तीनतीनदा बांधणी केलेली असते.

२१ जून १९२८ रोजी मुंबईस नाथमाधवांचे निधन झाले. वय अवघे सेहेचाळीस. त्यांतली तेवीस वर्षे पायांवर आणि तेवीस वर्षे पायांवाचून. स्वराज्यातले सगळे गड त्यांनी ह्या दुसऱ्या तेवीस वर्षांत लिहिले.

त्यांनी पाडलेली वाट बंद पडली नाही. वि. वा. हडपांनी ‘कादंबरीमय पेशवाई’ची माला चालवली. नावातच कबुली आहे की पेशवाई कादंबरीमय करून देतो. पुढे गो. नी. दांडेकर आले. ते स्वतः गड पायाखाली घातलेले, त्यामुळे त्यांच्या शिवकालीन कादंबऱ्यांत माती, वारा, बोली ह्यांना जागा मिळाली आणि भुयारे कमी झाली. १९६८ साली रणजित देसायांची ‘श्रीमान योगी’ आली, ती महाराजांच्या मनात शिरू पाहणारी. ह्या दोघांपुढे ‘स्वराज्य’ माला आज पुष्कळ भाबडी वाटते. संवाद पल्लेदार, खलनायक पहिल्या भेटीतच ओळखू येणारा. वाङ्मय म्हणून तिला मी फार वर नेऊन बसवणार नाही. पण ह्या मोठ्या लेखकांना महाराष्ट्रात आयता वाचक मिळाला, शिवकालावर हजार पाने वाचायला तयार असलेला. तो वाचक तयार कोणी केला?

गेली काही वर्षे मी वर्गात एक प्रयोग करतो. एकच प्रसंग घ्यायचा, तो सभासद कसा सांगतो ते वाचायचे, नाथमाधव कसा रंगवतात ते वाचायचे, आणि दोहोंतला फरक मुलांनी शोधून लिहून आणायचा. आठवडाभराची मुदत देतो. सभासदाची चार पाने वाचून आणताना मुलांची तारांबळ उडते. कादंबरी मात्र नेमून दिलेल्या प्रकरणाच्या पुढे, थेट शेवटपर्यंत वाचून झालेली असते.