कीचक, भीम आणि पुसदचं गवत

कीचकाची गोष्ट आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. विराट राजाच्या घरी दासी होऊन राहिलेल्या द्रौपदीवर राजाचा मेहुणा हात टाकतो आणि भीम त्याला यमसदनी धाडतो. १९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी हीच गोष्ट ‘कीचकवध’ या नावानं रंगभूमीवर आणली आणि इंग्रज सरकारची झोप उडाली.

नाटकात इंग्रजांचं नावसुद्धा नव्हतं. पण पिटातला प्रेक्षक काही दूधखुळा नव्हता. खाडिलकर म्हणजे टिळकांच्या ‘केसरी’तला माणूस, हे त्याला माहीत होतं. उन्मत्त कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, विटंबना सोसणारी द्रौपदी म्हणजे भारतमाता, सबुरी सांगणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि दातओठ खाणारा भीम म्हणजे जहाल, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. लंडनच्या ‘टाइम्स’च्या व्हॅलेंटाइन चिरोल यांनीही हा अर्थ बरोबर टिपला आणि १९१० च्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात लिहून ठेवला.

मला आज बोलायचं आहे ते या नाटकाच्या पोटातल्या एका प्रश्नाबद्दल. मर्द कुणाला म्हणायचं?

हा प्रश्न उगीच आला नव्हता. १८७८ च्या शस्त्रकायद्यानं हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार काढून घेतलं. सैन्यभरतीत साहेबांनी ‘लढाऊ जाती’ ठरवल्या. ज्या महारांच्या बापजाद्यांनी कंपनीच्या फौजेत मर्दुमकी गाजवली, त्यांची भरती १८९० च्या दशकात बंद झाली. आधी हत्यार काढून घ्यायचं आणि मग म्हणायचं, तुम्ही लढवय्ये नाही, म्हणून राज्य आमचं! या अपमानाला उत्तर म्हणून भीम उभा राहिला. टाळ्या पडल्या त्या उगीच नाहीत.

पण गंमत अशी की, विराटाच्या घरी पांडवांचं मर्दपण झाकलेलंच आहे. भीम तिथं स्वयंपाकी आहे आणि अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नाच शिकवतो आहे. रंगमंचावरची द्रौपदी तर लुगडं नेसलेला पुरुषच. मराठी रंगभूमीवर बायकांनी बायकांची कामं करण्याची वाट रुंदावली ती १९३३ साली, ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक उभ्या राहिल्या तेव्हा. म्हणजे देशाच्या अब्रूसाठी चिडणारे पुरुष, आणि ती अब्रू वठवणाराही पुरुषच. बाईला काय वाटतं, हे विचारायला तिथं कुणी नव्हतं.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे या कोवळ्या पोरानं कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्या रात्री तिथं नाटक होतं देवलांचं ‘संगीत शारदा’, म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचं. पुढे १९१० मध्ये कान्हेरे फासावर गेला आणि ‘कीचकवधा’वर बंदी आली.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळतो. वणीचे बापूजी अणे हेसुद्धा टिळकांचेच. १९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. पण वऱ्हाडात समुद्र कुठला? तेव्हा सरकारच्या राखीव जंगलातलं गवत कापायचं ठरलं. १० जुलैला बापूजींनी पुसदला कायदा मोडला आणि तुरुंगात गेले. हत्यार काय, तर विळा. आपल्याकडे हा विळा बहुतेक बाईच्याच हातात दिसतो. भर पावसाळ्यात गवत कापून सरकारला अंगावर घ्यायलाही छाती लागतेच. पण त्यासाठी समोरच्याचा गळा धरावा लागला नाही. पुढच्याच वर्षी, १९३१ साली, सावरकरांचं ‘संन्यस्त खड्ग’ रंगभूमीवर आलं. तलवार खाली ठेवली तर राष्ट्र बुडेल, असा त्या नाटकाचा रोख. एक उत्तर पुसदच्या रानात, दुसरं रंगमंचावर.

हा पेच आपल्यापुरताच नाही. व्हिएतनामच्या युद्धावरून आंधळा होऊन परतलेला मुलगा घरच्यांना कसा नकोसा होतो, हे डेव्हिड रेब यांनी ‘स्टिक्स अँड बोन्स’ या नाटकात दाखवलं. १९७२ साली त्याला अमेरिकेतला मानाचा टोनी पुरस्कार मिळाला. घराला शूर जवान हवा होता. त्याचं दुखणं नको होतं.

आणि शूराला समोर दुष्टही लागतोच. इंग्रज गेल्यावर ती जागा रिकामी राहिली नाही. माझ्या शाळेतल्या गॅदरिंगमध्ये अफजलखानाचं काम माझ्याकडे ठरलेलं असायचं. आवाज चांगला म्हणून, असं मास्तर म्हणायचे. पण १६५९ सालच्या त्या भेटीत खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता आणि शिवाजी महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. आमच्या नाटकात या दोघांनाही काम नव्हतं. त्यांना घेतलं असतं तर लढाई दोन राज्यांची झाली असती, दोन धर्मांची नाही. महाराजांचं मोठेपण त्यानं तसूभरही कमी झालं नसतं. उलट वाढलंच असतं.

खाडिलकरांचा कीचक हा सत्तेनं माजलेला माणूस होता. त्याला जात नव्हती, धर्म नव्हता. म्हणून तो आजही कुठंही भेटतो. त्याला ओळखायला शिकवणारं नाटक हवंच. मात्र भीमाबरोबर विळा घेतलेला माणूसही पोरांना दिसू द्या. आणि यंदा गॅदरिंगला प्रतापगड बसवणार असाल, तर सिद्दी इब्राहिमसाठी चार वाक्यं लिहा. ते काम करायला पोरगा कुठल्या मोहल्ल्यातला आहे, ते मात्र बघू नका.