हणजूणच्या किनाऱ्यावरची घरं-गाडी
१९७०च्या दशकात मी म्हापशाला बँकेत कारकून. तेव्हा हिप्पी लोक युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत फोक्सवॅगनच्या व्हॅनमधून हणजूणला यायचे. आत बिछाना, शेगडी, चालतं घरच!

एकदा एक जर्मन पोरगा काउंटरवर आला. पैसे संपलेले, व्हॅन विकून तिकीट काढायचं होतं. पण गाडी कार्नेवर, म्हणजे परत नेण्याच्या हमीवर आलेली. कस्टम ड्यूटी भरल्याशिवाय विकता येत नसे. मी नियम सांगितला. तो गप्प निघून गेला.

१९७९मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या. तो रस्ताच संपला. आज युरोपात तशाच गंजक्या व्हॅन विकत घेतात, सडका पत्रा कापून नवा जोडतात, इंजिन उघडून बांधतात आणि लाखोंना विकतात.

नियम बरोबरच होता हो. पण चहा तरी विचारायला हवा होता.