धरण उशाला, बगीचा बोअरवर : मोर्शी-वरूडच्या संत्र्याचा जुना-नवा हिशोब



नाशिकला जाऊन आलेला आपल्या इकडचा प्रत्येक शेतकरी एक प्रश्न घेऊन येतो. तिकडं गंगापूर धरणाच्या काठावर द्राक्षाचे मळे आहेत, वाईनचे कारखाने आहेत, शनिवार-रविवार मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. आपल्या मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे, बाजूला महाराष्ट्रातला सर्वांत मोठा संत्र्याचा पट्टा आहे. मंग आपल्याकडं तसं काहून झालं नाही? चहाच्या टपरीवर याचं उत्तर "आपले पुढारी" असं दोन शब्दांत देऊन मोकळं होतात. मला ते उत्तर अर्धवट वाटते. म्हणून थोडा इतिहास, थोडं फळाचं शास्त्र आणि थोडा पाण्याचा हिशोब मांडतो. लांब आहे, पण सवडीनं वाचा.

आधी नाशिकचं पाहू. गंगापूर धरण गोदावरीवर, १९६५ साली पूर्ण झालं. पण धरण झालं म्हणून लगेच वाईन आली नाही. मधे तीसेक वर्षं गेली. १९९० च्या दशकाच्या शेवटी धरणाजवळच्या जमिनीवर वाईनच्या जातीच्या वेली लागल्या आणि २००० साली सुलाची पहिली वाईन बाजारात आली. खरी कलाटणी २००१ ला मिळाली. राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण काढलं. वाईनला दारूच्या रांगेतून बाजूला काढून फळप्रक्रिया मानलं, उत्पादन शुल्कात सूट दिली, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क केले. वरून परदेशी वाईनवर केंद्राचं जबर आयात शुल्क होतंच. म्हणजे पाणी, जमीन, जात, कर, बाजार या पाचही गोष्टी एका वेळी जुळल्या.

तरी तिथंही सगळं गोड झालं नाही, हे आपल्याकडं कोणी सांगत नाही. २००८-०९ ला जगभर मंदी आली, वाईनची मागणी पडली. काही कारखान्यांनी माल उचलला नाही, काहींकडं शेतकऱ्यांचे पैसे अडकले. वाईनचं द्राक्ष खायच्या बाजारात चालत नाही. बारीक मणी, जाड साल, आत बी. कारखान्यानं नाही घेतलं तर ते कोणाला विकणार? अनेकांनी त्या वेली काढून पुन्हा खायची द्राक्षं लावली. एकाच गिऱ्हाईकासाठी पीक लावलं की असं होते.

आता आपल्याकडं येऊ.

नागपुरी संत्रा मूळ नागपूरचा नाही. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकात औरंगाबादकडून कलमं आणली, असा इतिहास सांगतात. तिथून ते काटोल-नरखेडमार्गे आणि वर्धा नदी ओलांडून वरूड-मोर्शीत पसरलं. तोवर वऱ्हाडाची ओळख एकच, कापूस. १८५३ ला निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, पुढच्या दशकात रेल्वे आली, अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं आणि इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस लागला. अमरावती-खामगावच्या पेढ्या त्या पैशावर उभ्या राहिल्या. युद्ध संपलं, भाव पडला. एका दूरच्या गिऱ्हाईकावर अवलंबून राहण्याचा धडा वऱ्हाडाला तेव्हाच मिळाला होता.

संत्रा वाढला तो विहिरीच्या जोरावर. सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या गोटे-मुरुमाचा थर आहे. पावसाचं पाणी त्यात झिरपते आणि खाली वरूड-मोर्शीच्या विहिरींना मिळते. जमीन निचऱ्याची, पाणी गोड, विहीर बारमाही. आधी मोट, मंग ऑइल इंजिन, मंग विजेची मोटर. मोटर आली आणि पऱ्हाटीच्या वावरात खड्डे खोदणं सुरू झालं. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदीत गेला. तिथं चुकाऱ्याची वाट पाहावी लागे, संत्र्याचा व्यापारी मात्र झाडावरच सौदा करून इसार हातात देई. नगानं मोजून हजारी भाव ठरे. घरं बांधली गेली, पोरं शिकली, पोरींची लग्नं झाली ती या इसाराच्या पैशावर. वरूडला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणू लागले. आज रेल्वेच्या पाटीवरसुद्धा 'वरूड ऑरेंज सिटी' लिहिलेलं आहे.

शेंदूरजना घाट या एका गावानं तर वेगळाच धंदा उभा केला. जंबेरीचं बी टाकायचं, रोप पेन्सिलएवढं जाड झालं की त्यावर संत्र्याचा डोळा भरायचा, आणि कलमं गावोगावी, परराज्यात पाठवायची. डोळा भरणारा कारागीर दिवसाला शेकड्यानं डोळे भरतो. हे कौशल्य कोणत्या कॉलेजात शिकवत नाहीत. पण याच धंद्यात एक कच्चा दुवा राहिला. चांगलं मातृवृक्ष न पाहता भरलेले डोळे आणि डिंक्याची बुरशी असलेल्या मातीतली रोपं दूरदूर गेली. बगीचा आठ-दहा वर्षांचा होऊन ऐन उत्पन्नात येतो आणि खोडातून डिंक वाहू लागतो, त्याचं मूळ बरेचदा नर्सरीतच असते.

आता धरण. सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा १९९३ ला पूर्ण झालं. सरकारी नाव नल-दमयंती सागर. उपयुक्त साठा ५६४ दशलक्ष घनमीटर. विदर्भातल्या मोठ्या धरणांपैकी हे एक. अमरावती शहर त्याचंच पाणी पिते, नांदगावपेठचा वीज प्रकल्प त्याचंच पाणी घेतो. ज्यांची वावरं बुडाली ते धरणग्रस्त मात्र तीस वर्षांनीसुद्धा मोबदल्यासाठी आंदोलन करत होते. ऑगस्ट २०२३ ला त्यांनी मुंबईत मंत्रालयाच्या संरक्षक जाळीवर उड्या मारल्या, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल.

पण संत्रावाल्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. पाणी उतारानं जाते. धरणाचे कालवे खाली तिवसा, चांदूर रेल्वे, धामणगावकडं जातात. मोर्शीच्या काही गावांना त्याचा लाभ आहे. वरूडचा बहुतेक बगीचा मात्र धरणाच्या वरच्या अंगाला आहे. म्हणजे आपल्या शिवारातून वाहणारं पाणी धरणात जाते, आणि आपण विहीर-बोअरवर. धरण भरलं की पेपरात फोटो येतो, पण त्यानं वरूडच्या विहिरीची पातळी वर येत नाही. गंगापूरशी तुलना करताना हा फरक आधी ध्यानात घ्या.

पाण्याचा साधा हिशोब. ६ बाय ६ मीटरवर हेक्टरी २७७ झाडं बसतात. मे महिन्यात मोठ्या झाडाला दिवसाला १२० लिटर धरलं, तरी हेक्टरी ३३ हजार लिटरच्या वर पाणी रोज लागते. हे सगळं जमिनीतून येते. शंभर फुटांच्या विहिरी आटल्या, मंग बोअर आले, आता आठशे-हजार फुटांपर्यंत खोदतात. वरूड-मोर्शीचा भाग भूजल खात्याच्या यादीत अतिशोषित म्हणून गेला, नवीन विहिरींवर बंधनं आली. २०१८ ला पाऊस कमी झाला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात उभे बगीचे वाळले. वीस वर्षांचं झाड वाळते तेव्हा फक्त एक हंगाम जात नाही. नवीन लावून पुन्हा उत्पन्नात यायला पाच-सहा वर्षं लागतात. माझ्या शेजारच्या धुऱ्यापलीकडं त्या साली कुऱ्हाड चालली, तिथं आता तूर आणि सोयाबीन आहे. माझा बगीचा टिकला, कारण झाडं कमी होती आणि विहीर नाल्याकाठी होती. त्यात माझी हुशारी काही नाही.

आता मूळ मुद्दा, वाईन किंवा ज्यूस का नाही?

पहिलं कारण फळातच आहे. वाईनचं द्राक्ष तोडणीला २२ ते २४ ब्रिक्स साखरेचं असते. त्यातून १२-१३ टक्के अल्कोहोल आपोआप तयार होते आणि वाईन टिकते. आपला संत्रा १०-११ ब्रिक्सचा. त्यातून साडेपाच-सहा टक्क्यांच्या वर जात नाही. वरून साखर घालावी लागते. दुसरं, नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही तासांत कडू होतो. फळात जो घटक कडू नसतो, तोच रसातल्या आंबटपणामुळं लिमोनिन नावाच्या कडू घटकात बदलतो. खाताना गोड लागलेलं फळ बाटलीत कडू लागते, ते यामुळं. कडूपणा काढायची यंत्रं आहेत, पण ती महाग. जगातला ज्यूस उद्योग म्हणून मोसंबीवर्गीय जातींवर, व्हॅलेन्सिया-हॅमलिनवर उभा आहे. आपला संत्रा सालीला ढिला, सोलायला सोपा, वासाला फर्स्ट क्लास. तो हातात घेऊन खायचा माल आहे. २०१४ ला त्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेसुद्धा याच गुणांसाठी.

दुसरं कारण समाजाचं. सातपुड्यात मोहाची दारू पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण आपल्या गावगाड्यात दारूनं किती घरं बसवली हे सांगायला नको. मोझरीचे तुकडोजी महाराज आणि गाडगेबाबा आयुष्यभर त्याविरुद्ध बोलले. धरणाच्या पाण्यापलीकडं आष्टी तालुका, म्हणजे वर्धा जिल्हा, तिथं १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. एकाच तलावाचा अर्धा काठ दारूबंदीचा! २०२२ च्या जानेवारीत सरकारनं सुपरमार्केटात वाईन ठेवायचा निर्णय घेतला तर राज्यभर विरोध झाला आणि तो निर्णय तसाच राहिला. त्यामुळं काठावर वाइनरीचं स्वप्न पाहणाऱ्यांनी हेही धरून चालावं.

तिसरं कारण बाजाराचं, आणि हेच आज सर्वांत जास्त दुखते. आपला बराच माल बांगलादेशला जात होता. २०१९ ला तिथं किलोला २० रुपये आयात शुल्क होतं, ते वाढत वाढत २०२३ ला ८८ रुपयांवर गेलं. संत्रा इथं किलोला वीस-पंचवीस रुपयांनी सुटतो आणि सीमेवर त्याच्या तिप्पट-चौपट कर! ट्रक थांबले, तो माल देशातच फिरला आणि भाव बसला. कापसाचं १८६५ नंतर झालं, वाईनच्या द्राक्षाचं २००९ ला झालं, तेच संत्र्याचं झालं. गिऱ्हाईक एकच, आणि त्याचा निर्णय आपल्या हातात नाही.

मार्च २०२५ ला नागपूरच्या मिहानमध्ये दिवसाला ८०० टन क्षमतेचा पतंजलीचा संत्रा प्रक्रिया कारखाना सुरू झाला. चांगलं आहे. बारीक फळ, डाग पडलेलं फळ, गळालेलं फळ कुठं तरी जाईल. पण एक ध्यानात ठेवा. कारखाना उरलेल्या मालाचा भाव देतो, बगीचा त्या भावावर जगत नाही. बगीचा जगतो तो खायच्या फळावर. म्हणून कारखान्यासाठी वेगळी जात लावायची असेल, नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय संस्थेची कटर व्हॅलेन्सिया वगैरे, तर आधी लेखी करार, मंग खड्डा. नाशिकच्या शेतकऱ्यानं जे मोजलं ते आपण पुन्हा मोजायचं कारण नाही.

मंग करायचं काय? मला चार गोष्टी दिसतात.

एक, झाडं पाण्याच्या हिशोबानं ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात तुमची विहीर किती तास चालते ते वहीत लिहा, त्यावरून झाडं ठरवा, सातबाऱ्यावरून नाही.

दोन, नवीन लागवडीला कलम घेताना मातृवृक्ष विचारा, पिशवीतली माती आणि मुळं पाहा. चिबड किंवा डिंक्याच्या जागी जंबेरीऐवजी रंगपूर लाईम खुंटावरचं कलम मिळते का ते शोधा.

तीन, खोडाला पाणी लागू देऊ नका. दुहेरी आळं किंवा झाडाच्या घेराखाली ठिबकच्या दोन नळ्या. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो मलम. पाणी वाचते आणि डिंक्याही दबतो.

चार, अंबिया आणि मृग यातला एकच बहार धरा, आणि तो पाणी पाहून धरा. अंबियाचं फळ सगळा उन्हाळा झाडावर काढते. ज्याच्या विहिरीला मे महिन्यात दोन तास पाणी नाही, त्यानं दरवर्षी अंबिया धरला की फळगळ ठरलेली, आणि झाडाचं आयुष्य कमी होते ते वेगळंच.

आणि एक सगळ्यांनी मिळून करायची गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याचे नाले अडवले, तर ते पाणी आपल्याच खालच्या थरात उतरते. धरणाचं पाणी वर चढवायची मागणी करू, जरूर करू. पण ती पूर्ण होईपर्यंत पाऊस आपल्याच शिवारातून वाहून खाली जातो आहे.

वऱ्हाडात दीडशे वर्षांत कापूस आला, संत्रा आला, धरण आलं. प्रत्येक वेळी पैसा आला तो पाणी आणि गिऱ्हाईक दोन्ही असताना, आणि गेला तो यातलं एक गेल्यावर. गंगापूरच्या काठाकडून शिकायचं असेल तर मला हेच शिकण्यासारखं वाटते.

तुमच्या गावात यंदा मे महिन्यात विहीर किती फुटांवर होती आणि बोअर किती खोल गेले, ते खाली लिहा. गावाचं नाव टाका. पन्नास गावांचे आकडे जमले तर एक तक्ता करून पुढच्या नोंदीत टाकतो. कृषी विद्यापीठातले जाणकार इथं वाचतात, त्यांनी काही चुकलं असेल तर बिनधास्त दुरुस्त करावं.