चांद्याचा बर्फ

आमच्या दिघीत फौजी घरं पुष्कळ. मी शाळेत होते तेव्हा वर्गातल्या एका मुलाचे वडील सियाचीनला राहून आले होते. हिमनद्यांचा धडा चालू होता. फळ्यावर मी प्रकार लिहिले. डोंगरातल्या दरीतून सरकते ती दरीतली हिमनदी, सियाचीनसारखी, सुमारे ७५ किलोमीटर लांब. आणि डोंगरदऱ्यांसकट सगळा मुलूख झाकून टाकते ती खंडीय, अंटार्क्टिकासारखी. पोराने विचारलं, "बाई, आपल्या महाराष्ट्रात होती का हो कधी हिमनदी?" मी ठासून सांगितलं, "छे रे! आपला दगड लाव्ह्याचा. इथे कुठला बर्फ?" वर्ग हसला, मीही हसले. तो मात्र खाली बसला.

निवृत्तीनंतर वाचताना कळलं, चुकलं माझंच होतं.

१८५६च्या सुमारास भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ब्लॅनफर्ड बंधू ओडिशात तालचेरचा कोळशाचा प्रदेश तपासत होते. तिथे बारीक गाळात मोठाले गोटे रुतलेले दिसले. वाहतं पाणी गोटे एकीकडे नि गाळ दुसरीकडे टाकतं (ओढ्याकाठी बघा कधी). म्हणून त्यांनी बर्फाचं नाव घेतलं. उष्ण कटिबंधात बर्फ! पटणार कुणाला?

भक्कम पुरावा मिळाला तो आपल्या चांद्याजवळ, म्हणजे आताच्या चंद्रपूरजवळ. १८७२ साली इरई गावापाशी, पैनगंगेकाठी, थॉमस ओल्डहॅम आणि फेडन यांना तसल्याच गोट्यांच्या थराखाली चुनखडीचा खडक दिसला. घासून गुळगुळीत झालेला, वर लांबच लांब समांतर ओरखडे. बर्फाच्या तळाशी अडकलेले दगड खडकावरून ओढले गेले की असे ओरखडे उठतात. भांडी घासताना राखेत खडा आला की कसं होतं, तसंच.

ही गोष्ट सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीची. आपली भूमी तेव्हा गोंडवनाचा भाग होती, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, आणि गोंडवनावर खंडीय बर्फ पसरलेला होता. तो वितळल्यावर जंगलं माजली, त्यांचाच चांद्याचा कोळसा झाला. पुढे खंड सरकतात असं वेगनर सांगू लागला, तेव्हा भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया इथल्या या बर्फाच्या खुणा त्याला उपयोगी पडल्या.

दिघीचा काळा दगड तर अवघ्या साडेसहा कोटी वर्षांचा! पायाखालचा दगड बघून मी सगळ्या महाराष्ट्राचा निकाल लावला होता. असो.

तो मुलगा आता पंचेचाळिशीपुढे असेल. त्या वर्गातलं कुणी हे वाचत असेल तर त्याला कळवा, बाई म्हणाल्या, होती.